क्लार्क्सडेलला ब्लूज ऐकायला जाताय? आधी हे वाचा

अमेरिकेत मेम्फिसच्या आसपास राहणाऱ्यांनी मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल गावचा एप्रिलमधला ज्यूक जॉइंट फेस्टिव्हल (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत, त्याचाच हा उत्सव) एकदा तरी कराच, हायवे 61 ने साधारण दीड तासात पोचता. दिवसाचे स्टेज फुकट असतात, रात्रीच्या क्लब्ससाठी मात्र रिस्टबँड घ्यावा लागतो. घडीची खुर्ची न्या, आणि सकाळी गर्दी व्हायच्या आत डेल्टा ब्लूज म्युझियम उरकून घ्या, ते 1918 च्या जुन्या रेल्वे मालधक्क्याच्या इमारतीत आहे आणि आत प्रसिद्ध ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सच्या झोपडीचे खरे लाकडी ओंडके उभे केलेत, तिथे घाई करू नका प्लीज. 1943 मध्ये तो याच गावातून ट्रेन पकडून शिकागोला गेला, हे डोक्यात ठेवून बाहेरचं गिटार ऐका, अंगावर काटा येतो!

बार्बेक्यूसाठी बाराच्या आतच रांगेत लागा, तासन्‌तास धुरावर शिजलेलं मांस संपलं की संपलं, लगेच नवीन होत नाही. इथे बहुतेक पोर्कच असतं, आणि शाकाहारी मंडळींनी बेक्ड बीन्स घेताना नक्की विचारा, त्यातही बऱ्याचदा पोर्कचे तुकडे असतात.