पावसाळ्यात कोंबडीचं बूड सारखं घाण होतंय? आधी कारण शोधा, मग औषध द्या

आश्लेषा-मघाचा पाऊस लागला की खानापूर तालुक्यात, बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत आणि निपाणीकडच्या मळ्यांत परसातल्या कोंबड्यांची एकच तक्रार असते. कोंबडी खाते, फिरते, पण शेपटीखालची पिसं कायम चिकटलेली, वास मारतोय आणि अंडी कमी झालीत. धुतलं की चार दिवस बरं, मग परत तेच. दुकानातून कुणीतरी एखादी पुडी आणून देतं, थोडा फरक वाटतो, आणि पुढं कोंबडी हडकून कोपऱ्यात बसते.

कोंबडीला शीट, लघवी आणि अंडं या तिन्हीला बाहेर पडायला वाट एकच. त्यामुळं बिघाड आतड्यात असो, मूत्रपिंडात असो की अंड्याच्या नळीत, खूण दिसते ती त्याच जागी. जंत, रक्ती हगवण, बुरशी लागलेलं खाद्य, अडकलेलं अंडं, उवा, सगळ्यांत बूड घाणच होतं. म्हणून सरसकट एक औषध सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. महिना महिना चाललेलं दुखणं कारण सापडल्याशिवाय सुटत नाही, आणि निम्मं कारण घरच्या घरी सापडतं.

सुरुवात शिटेपासून करा. रात्री कोंबड्या बसतात त्या दांडीखाली जुनं पोतं किंवा वर्तमानपत्र अंथरा आणि उजाडल्यावर बघा. चांगली शीट तपकिरी किंवा करडी, घट्ट आणि वर पांढरी टोपी असलेली असते. ते पांढरं म्हणजे कोंबडीची लघवी, त्याला घाबरू नका. दिवसातून काही वेळा चॉकलेटी रंगाची, चिकट, उग्र वासाची शीटही पडते. ती आतड्याच्या शेवटच्या पिशव्यांतून येते आणि नेहमीचीच असते. पुष्कळ जण तिलाच हगवण समजून औषध चालू करतात. हिरवा पाला जास्त खाल्ला तर शीट तेवढ्यापुरती पातळ होते, तेही मनावर घेऊ नका.

आता काळजी कशाची करायची? शिटेत रक्त किंवा विटकरी रंग दिसला तर पहिला संशय रक्ती हगवणीचा, त्यातही तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत. गडद हिरवी शीट म्हणजे कोंबडीच्या पोटात अन्न जात नाही, किंवा मानमोडी (राणीखेत रोग) आली. नुसतं पांढरं पाणी पडत असेल तर मूत्रपिंडाकडं किंवा अंड्याच्या नळीकडं लक्ष द्या. पांढरे, भाताच्या शिताएवढे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. बोटभर लांबीचे पांढरे जंत दिसले तर गोलकृमी, आणि ते नजरेला पडले म्हणजे आत पुष्कळ आहेत असं धरा.

मग कोंबडी हातात घ्या. संध्याकाळी ती दांडीवर बसली की धरणं सोपं जातं. पंख अंगाशी दाबून काखेत घ्या, डोकं मागं आणि शेपटी तुमच्या समोर. छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूला मांस भरलेलं असायला हवं. हाड सुरीच्या पात्यागत हाताला लागलं तर दुखणं जुनं आहे, आठ-पंधरा दिवसांचं नव्हे. गळ्याखालची अन्नाची पिशवी संध्याकाळी भरलेली असते आणि सकाळी रिकामी व्हायला हवी. उपाशी ठेवूनही ती सकाळी फुगलेली, लिबलिबीत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर तिथं अन्न कुजून बुरशी वाढतेय. कडक गोळा लागला तर लांब गवत, सुतळी नाहीतर प्लास्टिक अडकलंय. अशा वेळी कोंबडी उलटी धरून ओकवायला जाऊ नका. ते पाणी श्वासनळीत जातं आणि कोंबडी हातातच जाते.

बुडाच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली तर कोंबडी अंड्यावर आहे, एक बोटही मावत नसेल तर अंडी बंद आहेत. अंड्यावरच्या कोंबडीचं बूड रुंद आणि ओलसर असतं, बंद झालेलीचं आकसून कोरडं पडतं. ही खूण महत्त्वाची, कारण अंडी बंद असूनही बूड ओलं आणि घाण असेल तर आत काहीतरी चाललंय. पोट खालून तळहातावर तोला. पाण्यानं भरल्यागत जड लागलं आणि कोंबडी पाय फाकवून ताठ चालत असेल तर अंड्याचा बलक नळीत न जाता पोटात पडतोय. अशी कोंबडी सहसा बरी होत नाही. तिला महिनोन् महिने औषधं पाजत बसू नका, डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्या सल्ल्यानं निर्णय घ्या.

शेवटी पिसं बाजूला करून कातडी बघा. पिसांच्या मुळाशी पांढऱ्या लिखांचे झुपके आणि पळणाऱ्या पिवळसर उवा याच जागी सर्वांत जास्त असतात. पिसं काळपट, राख लागल्यागत झाली असतील तर बारीक किडी आहेत. तांबड्या किडींची एक जात दिवसा खुराड्याच्या फटीत लपते आणि फक्त रात्री रक्त प्यायला येते. ती दिवसा सापडत नाही, रात्री बॅटरी लावून दांडीच्या टोकाला आणि फटीत बघावं लागतं.

बूड धुण्याची घाई करू नका, पण पुढं ढकलूही नका. पावसात माश्या फार, आणि घाणीला चिकटलेल्या अंड्यांतून एका दिवसात आळ्या होतात. दुपारी उघडीप बघून घमेल्यात कोमट पाणी घ्या, कोपर बुडवलं तर सोसेल इतपत. त्यात कोंबडीचं मागचं अंग दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. वाळलेली घाण ओढून काढू नका, कातडी सोलते. मऊ पडली की आपसूक सुटते, आणि न सुटणारी पिसं कात्रीनं कापा. नवं फुटणारं पिस निळसर देठाचं असतं, त्यात रक्त असतं, ते कापू नका. फडक्यानं टिपून चुलीजवळच्या उबेत पूर्ण वाळेपर्यंत ठेवा. ओल्या अंगानं खुराड्यात सोडलेली कोंबडी धुतल्यामुळं नव्हे, गारठ्यानं मरते. कातडी लाल असेल तर पाण्यात फिकट केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा. गाई-म्हशींच्या जखमेला लावतो म्हणून टर्पेंटाइन किंवा रॉकेल इथं अजिबात लावू नका, ही जागा नाजूक असते आणि भाजून निघते. आळ्या दिसल्या तर मिठाच्या पाण्यानं धुऊन चिमट्यानं एकेक काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बुडातून लाल मांस बाहेर आलं असेल तर ती कोंबडी तिथल्या तिथं वेगळी करून अंधाऱ्या डालग्याखाली झाका. बाकीच्या कोंबड्या लाल रंगावर टोचतात आणि तासाभरात आतडी ओढून काढतात. ते मांस स्वच्छ, ओलं ठेवून डॉक्टरांकडं न्या. कोंबडी सारखी कुंथत असेल आणि पोटात कडक गोळा लागत असेल तर अंडं अडकलंय. कोमट पाण्यात बसवा, बुडाला खोबरेल लावा, शांत जागी ठेवा. दाबून अंडं आत फोडू नका, कवचाच्या धारेनं नळी फाटते. ज्या तलंगा नुकत्याच अंड्यावर आल्यात त्यांना शिंपल्याचा चुरा किंवा भाजून बारीक केलेली अंड्याची टरफलं वेगळ्या वाडग्यात ठेवा, हव्या तेवढ्या त्या खातात.

पांढरट, चिकट, घाण वास मारणारा स्राव येतच राहतो, धुतला तरी दोन दिवसांत परत, आणि कातडीवर खपली धरते, ही या सगळ्यातली सर्वांत चिवट तक्रार. बऱ्याचदा त्यामागं बुरशी असते. अँटिबायोटिक दिलं तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि बुरशीला रान मोकळं होतं. पहिला आठवडा बरा आणि पुढं दुप्पट, असं होतं ते त्यामुळं. इथं आधी खाद्य बदला. भिजवलेला कोंडा, आदल्या दिवशीचा आंबलेला भात, कुबट वास येणारा मका किंवा शेंगेची पेंड बंद. कोरडा भरडा आणि कणी द्या, तीही सकाळी थोडी आणि संध्याकाळी थोडी, उष्टं उरेल इतकी नको. मक्यावर हिरवट बुरशी दिसली तर तो धुऊन-वाळवूनही देऊ नका. बुरशीचं विष धुतल्यानं जात नाही, ते कलेजी खराब करतं. दही पोटाला चांगलं म्हणून वाटीभर घालतात, पण कोंबडीला दुधातली साखर पचत नाही. चमचाभर पुरे. एवढं करून आठ दिवसांत फरक नसेल तर बुरशीचं औषध डॉक्टरांकडून घ्या.

जंताचं औषध पाऊस लागायच्या आधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा देणं बरं. जांबोटी-कणकुंबीसारख्या पट्ट्यात, जिथं जमीन तीन-चार महिने सुकतच नाही, तिथं मध्ये शीट तपासून घ्या. गोलकृमीची अंडी ओल्या मातीत दोन-तीन आठवड्यांत पुन्हा बाधा करण्याजोगी होतात, रक्ती हगवणीची तर दोन दिवसांत. पिपराझिन फक्त गोलकृमीवर चालतं, पट्टकृमीला वेगळं औषध लागतं. म्हणून ‘जंताचं औषध दिलं तरी काही झालं नाही’ असं म्हणण्याआधी कुठला जंत होता ते बघा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दोन-तीन कोंबड्यांची ताजी शीट स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी सकाळी द्या. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात. या तपासणीइतकं पैसे वाचवणारं काम दुसरं नाही. निपाणी-चिकोडीकडं घरात तंबाखू असते म्हणून तिचं पाणी जंतावर पाजू नका. निकोटीननं जंताआधी कोंबडी मरते.

पिल्लांच्या रक्ती हगवणीवर पाण्यातून अँप्रोलियम देतात. ते चालू असताना बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक बंद ठेवा. अँप्रोलियम त्या जंतूंना बी-१ जीवनसत्त्व मिळू न देऊनच काम करतं, टॉनिकनं त्याचा परिणाम जातो. दोन्ही एकत्र पाजून औषधाला नावं ठेवणारे फार. घरातल्या माणसांच्या उरलेल्या गोळ्या, गाईच्या इंजेक्शनची उरलेली बाटली, हे तर अजिबात नको. वजन दीड किलोचं, आणि डोस अंदाजानं, हे जमत नाही. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत २०१९ पासून देशभर बंदी आहे, जुनी पुडी कुणी दिली तर घेऊ नका. कुठलंही औषध दिल्यावर त्या कोंबडीची अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारून घ्या. चिठ्ठी कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर किती मिली, किती वेळा, किती दिवस हे आकड्यांत लिहून मागा. त्यात संकोच कसला.

खुराड्याकडं बघितल्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही. श्रावणात पुष्कळ घरांत कोंबडी कापत नाहीत, त्यामुळं नेमक्या ओल्या महिन्यात खुराड्यात दाटी होते. जागा वाढवता येत नसेल तर निदान दोन डालगी वेगळी ठेवा. जमिनीवर भाताचं तूस दोन-तीन इंच पसरा, रोज हलवा, ओलं झालेलं काढून टाका. मूठभर विझलेला चुना कोंबड्या बाहेर असताना तुसाखाली भुरभुरवा. पाण्याचं भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीइतकं उंच ठेवलं की त्यात शीट पडत नाही आणि पाणी सांडून चिखल होत नाही. पाणी थांबणाऱ्या दारात मुरूम टाका. बाजारातून, मग तो बेळगावचा असो की चंदगड-गडहिंग्लजचा, नवी कोंबडी किंवा गिरिराजची तलंग आणली तर तीन आठवडे वेगळी ठेवा आणि तिला शेवटी खायला घाला, आधी आपल्या.

मानमोडीची लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा (डोळ्यात किंवा नाकात थेंब) आणि आठ आठवड्यांच्या सुमारास आर-२-बी (टोचून) अशी देऊन घ्या. एकाच वेळी पाच-दहा कोंबड्या हिरवी हगवण, निळा तुरा किंवा माना मुरगळून मरायला लागल्या तर मेलेली कोंबडी उघडू नका, विकू नका, नदी-ओढ्यात टाकू नका. १९६२ या नंबरावर किंवा जवळच्या दवाखान्यात लगेच कळवा. आजारी कोंबडीचं काम झाल्यावर साबणानं हात धुवा, लहान मुलांना त्या डालग्यापासून लांब ठेवा, आणि आजारी कोंबडी कापून खाऊ नका.

दवाखान्यात जाताना मोबाईलवर शिटेचा आणि बुडाचा उजेडात काढलेला फोटो, कोंबडीचं वय, शेवटचं अंडं कधी दिलं, काय खायला घालता आणि आतापर्यंत कोणकोणती औषधं दिली, एवढं सांगता आलं पाहिजे. दिलेलं औषध लपवू नका, नाहीतर तेच परत लिहून मिळतं.