देवचाराची चूड: अंगणातून कृष्णविवराचा माग

देवगड तालुक्यातल्या आमच्या घराच्या खळ्यात मी दुर्बीण लावली, त्या पहिल्याच हंगामात आजीनं विचारलं होतं, "रात्रभर कसली राखण करतंस?" मी म्हटलं, कृष्णविवर शोधतोय. त्यातून उजेडसुद्धा बाहेर पडत नाही हे ऐकल्यावर ती म्हणाली, "रे झिला, काळोखात काळा ता तुका दिसतला कसा?" मग सुपारी कातरत थोडा वेळ बसली आणि स्वतःच म्हणाली, "म्हणजे देवचारासारखा. चूड दिसता, देवचार खंय दिसता?" देवचार म्हणजे आमच्याकडचा रात्री फिरणारा अदृश्य राखणदार, आणि चूड म्हणजे त्याच्या हातातली पेटती मशाल.

एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक आहे. या छंदात नव्यानं येणारी मुलं "सर, कृष्णविवराचा फोटो काढायचाय" म्हणत येतात, तेव्हा मी त्यांना आजीचं वाक्य ऐकवतो आणि मग हिशेब मांडतो. १० एप्रिल २०१९ ला एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं ते केशरी कडं जगानं पाहिलं. त्याचा आकाशातला व्यास साधारण ४२ मायक्रो-आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग, मायक्रो म्हणजे त्याचाही दहा लाखावा), आणि ते टिपायला पृथ्वीभरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडाव्या लागल्या. माझी आठ इंची दुर्बीण फार तर ०.६ आर्कसेकंद वेगळं करून दाखवते, म्हणजे चौदा हजार पट कमी पडते. तेव्हा कडं विसरा. चूड शोधा, म्हणजे विवरामुळे पेटलेला उजेड.

मी सुरुवात एम८७ पासूनच केली. कन्या राशीतली ही दीर्घिका साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि तिच्या पोटात सुमारे ६५० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं विवर आहे. तिच्या केंद्रातून एक सरळ झोत बाहेर पडतो. हेबर कर्टिस यानं १९१८ मध्ये लिक वेधशाळेच्या फोटोत तो पाहिला आणि 'विचित्र सरळ किरण' एवढंच लिहून ठेवलं. तो काय आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. झोत जवळपास ५,००० प्रकाशवर्षं लांब असला तरी आपल्याला दिसतो फक्त २० आर्कसेकंदांचा. माझ्या नळीची नाभीय लांबी १,००० मिलीमीटर आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल २.९ मायक्रॉन, त्यामुळे एका पिक्सेलला ०.६ आर्कसेकंद मिळतं आणि सगळा झोत तेहतीस पिक्सेलांत बसतो. तेवढे पुरतात.

पहिल्या रात्री मी पाच-पाच मिनिटांची छायाचित्रं घेतली. दीर्घिका सुरेख आली, केंद्र पांढरंफटक. झोत त्या पांढऱ्यात बुडून गेला होता. इथे नवशिक्यांची सवय आड येते. तेजोमेघासाठी जितकं जास्त एक्स्पोजर तितकं बरं, पण इथे उलट करायचं: चार-पाच सेकंदांची शेकडो छायाचित्रं, त्यातली स्थिर हवेतली तेवढी निवडून एकत्र करायची. जमल्यास निळा फिल्टर लावा. दीर्घिकेतले म्हातारे तारे पिवळसर असतात, तर झोताचा प्रकाश चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, निळ्याकडे झुकलेला. नंतर सिरिल या चित्रं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच चित्राची धूसर प्रत करून मूळ चित्रातून वजा केली, की दीर्घिकेचा गोळा विरतो आणि रेघ उरते.

दुसऱ्या आठवड्यात मला रेघ मिळाली. रात्री अडीच वाजता मुंबईच्या मावसभावाला फोटो पाठवला. सकाळी चहा घेताना नीट पाहिलं तर शेजारच्या प्रत्येक ताऱ्यालाही तस्संच शेपूट! आरसे जुळवलेलेच नव्हते. तेव्हापासून माझा नियम असा: वस्तू आकाशातली मधली उत्तर-दक्षिण रेषा ओलांडते तेव्हा माउंट (दुर्बीण ज्यावर फिरते ती बैठक) उलटवावा लागतो, त्याच्या आधीची आणि नंतरची चित्रं वेगळी ठेवायची. नळीचा दोष नळीबरोबर फिरतो आणि आकाशात उलट्या बाजूला जातो. खरा झोत जागचा हलत नाही, वायव्येकडेच राहतो. ही परीक्षा पास होईपर्यंत कुणाला फोटो पाठवू नका. मावसभाऊ अजून विचारतो, "काय रे, आज कुठल्या ताऱ्याला शेपूट?"

कोकणात या कामाचे फायदे आहेत आणि छळही. मार्चअखेरीस रात्री साडेबाराच्या सुमारास एम८७ जवळजवळ डोक्यावर येते, ८६ अंशांवर. युरोपातल्या हौशी लोकांना हे सुख नाही. पण ध्रुव आमच्याकडे क्षितिजापासून फक्त सोळा अंश वर, म्हणजे माडाच्या झावळ्यांत. ध्रुवाशी माउंट जुळवण्याच्या नेहमीच्या पद्धतीला इथेच रामराम. आकाशातल्या तीन जागांचे फोटो घेऊन जुळवणी करणारं सॉफ्टवेअर वापरा, त्यातलं नीना फुकट मिळतं. काही माउंट इतक्या कमी अक्षांशाला झुकवले की वजनाचा दांडा पुढच्या पायाला आपटतो, तेव्हा विकत घेण्याआधी तपासा. मला हे दुकानात कुणी सांगितलं नाही. हंगामात कलमांच्या बागांत राखणदारांचे हॅलोजन असतात. त्यांच्याशी भांडू नका, त्यांचं पोट त्यावर आहे. एक चहाचा थर्मास नेऊन दिला की दिवा दोन तास पलीकडे वळतो. समुद्रात एलईडीच्या बोटी लागल्या की पश्चिम पांढरी होते, त्याला थर्मास उपयोगी नाही. जानेवारी-फेब्रुवारीत दंव एवढं पडतं की नळीतून पाणी गळतं. आरशाला नाही तरी गाइड दुर्बिणीच्या (ताऱ्याचा माग धरणाऱ्या छोट्या जोड-दुर्बिणीच्या) भिंगाला गरम पट्टी हवीच.

झोत मिळाला, पण तो माझ्या मनाला पुरला नाही. रेघ पाहिली म्हणजे विवर सिद्ध झालं असं कसं म्हणणार? मला काहीतरी मोजायचं होतं.

मग मी वर्णपटाकडे वळलो, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून त्यातल्या रेषा वाचण्याकडे. विजयदुर्ग आमच्याच तालुक्यात. किल्ल्यावरचे साहेबाचे कट्टे दाखवताना १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकयर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं इथूनच हीलियम शोधला असं सांगतात. लॉकयर तेव्हा इंग्लंडात होता, ती पिवळी रेषा त्यानं ऑक्टोबरात तिथूनच पाहिली. गोष्ट चुकीची असली तरी तिनंच मला लहानपणी रेषांचं वेड लावलं.

स्टार अॅनलायझर नावाचं ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची काच) फिल्टरसारखं कॅमेऱ्यापुढे बसतं. प्रत्येक ताऱ्याच्या बाजूला त्याचा वर्णपट पट्टीसारखा उमटतो. मिलीमीटरला शंभर रेघा, आपल्या प्रयोगशाळेतल्या ग्रेटिंगचाच भाऊ. आधी उत्तरा फाल्गुनीचा वर्णपट घ्या. त्यात हायड्रोजनच्या रेषा ठळक असतात, त्यावरून किती पिक्सेलला किती नॅनोमीटर ते ठरतं. मग पोरिमा ताऱ्याच्या वायव्येला पाचेक अंशांवरचा ३सी २७३ हा क्वेसार गाठा, म्हणजे ताऱ्यासारखं दिसणारं दूरच्या दीर्घिकेचं तळपतं केंद्र. प्रत (तेजाचा आकडा, मोठा तितकं मंद) जवळपास १२.९, दिसायला अगदी मामुली तारा. तीस सेकंदांच्या शंभरेक फ्रेम एकत्र केल्यावर माझ्या पट्टीवर एक बुटका फुगवटा आला, ५६४ नॅनोमीटरच्या आसपास. हायड्रोजनची बीटा रेषा प्रयोगशाळेत ४८६.१ वर असते. भागाकार केला: १.१६. मार्टेन श्मिट यानं १९६३ मध्ये हेच ओळखलं होतं; या भागाकारातून एक वजा केला की ताम्रसृती, म्हणजे रेषा लालकडे किती सरकली ते; छापील ताम्रसृती ०.१५८ आहे. खळ्यात, लुंगीवर, डासांच्या अगरबत्तीच्या धुरात मला तो आकडा मिळाला, आणि त्या रात्री मी खरोखर झोपलो नाही.

एक सापळा सांगून ठेवतो. अल्फा रेषा जास्त ठळक, म्हणून सगळे आधी तिच्यामागे धावतात. ती सरकून येते ७६० नॅनोमीटरवर, आणि नेमका तिथेच आपल्या हवेतल्या ऑक्सिजनचा शोषणपट्टा आहे. शिखरालाच खड्डा पडतो. बीटाच धरा.

आता यात विवर कुठे? साखळी अशी: रेषा सरकली म्हणून वस्तू दूर, सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षं. इतक्या दुरून परसदारी दुर्बिणीत दिसते, म्हणजे मूळ तेज भयंकर. ३३ प्रकाशवर्षांवर आणून ठेवली तर सूर्याएवढी तळपेल. त्यातच तिचं तेज महिन्या-महिन्यांत कमीजास्त होतं, म्हणून प्रकाश येतो ती जागा फार तर काही प्रकाशमहिन्यांची. एवढ्याशा जागेतून एवढं तेज द्यायला विवरात पडणाऱ्या वायूखेरीज दुसरं काही पुरं पडत नाही. यातली पहिली कडी मी स्वतः मोजली, तेजाची प्रतही मोजू शकतो, बाकीचं इतरांचं काम. फुगवट्याच्या रुंदीवरून विवराचं वस्तुमान काढायला मात्र जाऊ नका, या ग्रेटिंगची तेवढी ऐपत नाही.

हंस राशीतला हंस एक्स-१ बऱ्याच जणांच्या यादीत असतो. नवव्या प्रतीचा निळा तारा, शेजारी सुमारे २१ सूर्यांचं विवर. फोटो काढा, पण तो नुसता ताऱ्याचा फोटो. पुरावा त्याच्या रेषा ५.६ दिवसांच्या फेऱ्यात मागेपुढे डोलतात यात आहे, आणि त्याला चांगला वर्णपटमापक लागतो. त्याच राशीतलं व्ही४०४ हे विवर १५ जून २०१५ ला पेटलं, तेव्हा जगभरच्या हौशी लोकांनी छोट्या दुर्बिणींतून त्याची मिनिटामिनिटाची लुकलुक टिपली आणि ती मोजमापं पुढे 'नेचर'मधल्या शोधनिबंधात गेली. आम्ही तेव्हा पागोळ्या मोजत होतो.

ज्यांना हे शिक्षणाच्या वाटेनं न्यायचं आहे त्यांनी चित्रापेक्षा वही सांभाळावी: तारीख, वेळ, एक्स्पोजर, फसलेली रात्रही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्थाही पुण्यातच. दोन्हीकडे पोरांना थेट प्रश्न विचारता येतात. तेजाच्या नोंदी एएव्हीएसओकडे (तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी जमवणाऱ्या अमेरिकी संस्थेकडे) पाठवा. तुलनेसाठी ताऱ्यांचे नकाशे तेच देतात, आणि तुमची नोंद चुकली तर आकडाच ओरडून सांगतो.

मिरगाच्या आधी नळी आत येते. पहिल्या वर्षी कपाटात ठेवली आणि गणपतीला उघडली तर आरशावर बुरशीची रांगोळी. आता तांदळाच्या पत्र्याच्या टाकीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, झाकणाला टेप लावून. तांदूळ कुठे ठेवायचे यावर आजीशी दर जूनमध्ये नव्यानं बोलणी होतात.