मुंग्यांचं घर आधी लहानच हवं
पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पंख गळलेली राणी सापडली की लगेच मोठं घर बांधायला घेऊ नका. आधी परीक्षानळी. तिच्यात एक तृतीयांश पाणी भरा, कापसाचा बोळा पाण्याला टेकेपर्यंत घट्ट सारा, राणीला आत सोडा, तोंडाला कोरडा कापूस लावून नळी अंधारात ठेवा. काळ्या मुंगळ्यांची राणी पहिल्या कामकरी मुंग्या निघेपर्यंत काही खात नाही. अंगातल्या चरबीवर आणि निकामी झालेल्या पंखांच्या स्नायूंवर पिल्लं वाढवते. रोज उघडून पाहण्याचा मोह आवराच. बिथरली तर ती स्वतःचीच अंडी खाते, फार वाईट वाटतं ते बघून.

वीस-पंचवीस मुंग्या झाल्या की प्लास्टर ऑफ पॅरिसचं घर करा. काचेवर शाडूने बोटाच्या पेराएवढ्या खोल्या आणि बोगदे थापा, भोवती पुठ्ठ्याची चौकट लावून प्लास्टर ओता. घट्ट झाल्यावर माती खरवडून घर खडखडीत वाळवा, नाहीतर बुरशी धरते. पुढे पाणी एकाच कोपऱ्यात थेंबथेंब सोडा. ओली जागा की कोरडी, ते त्या निवडतात. खोल्या मात्र चार-पाचच ठेवा. रिकाम्या खोल्यांत त्या कचरा साठवतात.