चिप्स कमी उरल्यात? ऑल-इन कधी जायचं ते असं ठरवा

पोकरच्या टूर्नामेंटमध्ये ४०,००० चिप्स म्हणजे कमी की जास्त? बिग ब्लाइंड (दर डावाला एका खेळाडूने पत्ते बघण्याआधी लावायच्या सक्तीच्या चिप्स; त्याच्या आधीचा लावतो ते स्मॉल ब्लाइंड) ४०० असेल तर भरपूर, ४,००० असेल तर अगदी थोड्या. म्हणून लेव्हल बदलली, म्हणजे ब्लाइंड वाढले, की आधी भागाकार करा: चिप्स भागिले बिग ब्लाइंड. पुढचे सगळे आकडे बिग ब्लाइंडमध्येच आहेत.

उत्तर २० च्या वर असेल तर साधं रेझ करून (बोली वाढवून), समोरून ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) आल्यावर फोल्ड करणं, म्हणजे पत्ते टाकणं, परवडतं. १२ ते २० मध्ये दुसऱ्याच्या रेझवर थेट ऑल-इन जाणं ही सर्वांत धारदार चाल. १० च्या आसपास आलात की बहुतेक वेळा दोनच पर्याय ठेवा, ऑल-इन किंवा फोल्ड. दोन-तीन ब्लाइंड घालून माघार घेणं इथे फार महाग पडतं.

आता मध्ये किती पडलंय ते पाहा. स्मॉल ब्लाइंड ०.५, बिग ब्लाइंड १ आणि अँटी (ब्लाइंडशिवाय दर डावाला भरायच्या चिप्स) १ धरली तर पॉट, म्हणजे मधल्या एकूण चिप्स, २.५. तुमच्याकडे १० असताना सगळ्यांनी फोल्ड केलं, तर पत्ते न दाखवता चिप्स पाव पटीने वाढल्या.

पुढचं गणित एकदा कागदावर कराच. तुम्ही बटनवर (डीलरच्या जागेवर) आहात, मागे फक्त दोन ब्लाइंडवाले उरलेत, आणि १० घेऊन ऑल-इन गेलात. बिग ब्लाइंडवाल्याने कॉल केला (तेवढ्याच चिप्स लावल्या) तर पॉट २१.५ होतो. तुमचे पत्ते ३५ टक्के वेळाच जिंकणारे असले, तरी सरासरी ७.५ परत येतात, म्हणजे तोटा २.५. दोघांनी फोल्ड केलं तर फायदाही २.५. म्हणजे निम्म्या वेळी ते दोघं मागे हटले की तुम्ही बरोबरीत, त्याहून जास्त वेळा हटले की नफ्यात. बटनवरून साधारण पत्त्यांनीही ऑल-इन जाता येतं ते यामुळेच. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून मात्र मागे आठ जण असतात. तिथे चांगली जोडी किंवा मोठ्या पत्त्यासोबतचा एक्का हवा.

मागे कोण बसलंय तेही बघा. ज्याच्याकडे चारच ब्लाइंड उरलेत तो सहसा हटत नाही. मध्यम चिप्सवाला हटतो, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखं बरंच असतं.

चांगल्या पत्त्यांची वाट पाहत बसू नका, हे मी आग्रहाने सांगेन. ब्लाइंड आणि अँटीपायी एका फेरीला २.५ जातात. दोन फेऱ्यांत १० चे ५ होतात, आणि मग दुप्पट झालात तरी पुन्हा १० वरच. ३ उरले की तुमच्या ऑल-इनला कुणी घाबरत नाही: बिग ब्लाइंडला २ घालून ५.५ जिंकायचे असतात. त्याला २७ टक्के संधी पुरते, आणि तेवढी जवळजवळ कुठल्याही दोन पत्त्यांत असते.

कॉल करताना मात्र हात आखडता ठेवा. तिथे समोरचा फोल्ड करण्याची शक्यताच उरत नाही. बक्षिसं जवळ आली की हे आणखी कडक होतं. समजा तीन जण उरलेत, तिघांच्या चिप्स सारख्या, आणि बक्षिसं ५०, ३० व २० टक्के. आत्ता तुमचा वाटा ३३.३. कॉल करून जिंकलात तर तो ४३.३ होतो, हरलात तर २०. दहा मिळवण्यासाठी तेरा पणाला. त्यासाठी ५७ टक्के विजयाची खात्री लागते, आणि एक्का-राजा हा हँड कुठल्याही जोडीसमोर तेवढी देत नाही. हीच भीती समोरच्यालाही असते, म्हणून अशा वेळी आधी ऑल-इन जाणारे तुम्ही असा.