शुगरचं ॲप बनवताय? या चुका टाळा

मधुमेह डोळ्यांचा पडदा खराब करू शकतो, बोटंही बधिर करू शकतो. त्यामुळे शुगरच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपमध्ये अंधुक दिसणारा, बोटाला नीट न जाणवणारा माणूस आधी धरायला हवा. माझ्याकडे तपासायला येणारी बरीचशी ॲप्स मात्र तरण्याताठ्या डोळ्यांसाठी बनवलेली असतात.

नुसता रंग बदलून इशारा देणं

ही चूक दिसली की मला अजूनही ते घर आठवतं. एका ॲपच्या चाचणीसाठी मी एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो होतो. रेटिनोपॅथीने, म्हणजे मधुमेहाने पडदा खराब होऊन, त्यांची दृष्टी गेलेली, पण टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) सफाईने चालवायचे, तेही आवाजाचा वेग चांगलाच वाढवून. ग्लुकोमीटर ब्लूटूथने फोनला जोडलेला होता. सरांनी बोटाला टोचलं, पट्टीला रक्त लावलं आणि फोन बोलला, "अठ्ठावन्न." एवढंच. सरांना ऐकू आलं एकशे अठ्ठावन्न. "बरी आहे की आज," म्हणत त्यांनी फोन खाली ठेवला.

स्क्रीनवर तोच आकडा लालभडक चौकटीत होता, म्हणजे शुगर फार कमी. मी बघत होतो म्हणून कळलं. तोवर सरांच्या कपाळावर घाम आला होता, हात थरथरत होते. काकू धावत जाऊन साखरेचं पाणी घेऊन आल्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा कुठे ७० च्या वर गेली.

ॲप बनवणाऱ्या मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "पण स्कॅनरमध्ये एकही दोष आला नव्हता." येणारच नाही. अपंगांना ॲप वापरताना येणाऱ्या अडचणी शोधणारं हे साधन. लेबल (बटणाचं वाचून दाखवायचं नाव) आहे का, बटण पुरेसं मोठं आहे का, रंगांत पुरेसा फरक आहे का, एवढंच स्कॅनर बघतो. त्या आकड्याने माणूस घाबरायला हवा की नको, हे त्याला कळत नाही. स्कॅनर जरूर चालवा, पण त्याच्या अहवालावर काम संपवू नका.

तेव्हापासून मी आधी शब्द लिहितो, मग आकडा: "शुगर कमी. ५८. लगेच गोड घ्या." सोबत फोन वेगळ्या लयीत थरथरला पाहिजे, म्हणजे ऐकू न येणाऱ्यालाही कळेल. लाल रंग राहू द्या, पण स्क्रीन कृष्णधवल केली तरी इशारा समजला पाहिजे.

आकड्यासाठी स्लायडर

बोटाने सरकवून आकडा निवडायची पट्टी, म्हणजे स्लायडर. दिसायला छान, वापरायला छळ. कंप असलेल्या हाताने ११२ वर थांबणं जमत नाही, आणि टॉकबॅकमध्ये स्लायडर बऱ्याचदा मोठ्या टप्प्यांनी उड्या मारतो. साधी चौकट द्या, आकड्यांचा कीबोर्ड उघडा, बोलून भरायची सोय ठेवा. डिझायनर नाराज होतो. होऊ दे.

बाकीचं थोडक्यात. "बटण, लेबल नाही" असं फोन म्हणाला, तर ते काम अर्धवट आहे. अँड्रॉइडवर बटण किमान ४८ डीपीचं (डीपी हे स्क्रीनवरच्या मापाचं एकक) ठेवा, मजकूर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १. आलेखाखाली त्याच नोंदींचा तक्ता द्या. ओटीपीला फक्त तीस सेकंद देऊ नका. एका हाताने, स्क्रीन रीडरवर तो शोधून भरायला वेळ लागतो. पावलं मोजत असाल तर व्हीलचेअर वापरणाऱ्याला रोज "आज ० पावलं" ऐकवू नका. ॲपलच्या घड्याळात २०१६ पासून व्हीलचेअरचे ढकलेही मोजता येतात.

नवीन मंडळी म्हणतात, "आधी लाँच करू, ॲक्सेसिबिलिटी पुढच्या व्हर्जनला." ॲक्सेसिबिलिटी म्हणजे अपंगांनाही ॲप वापरता येणं; ती पुढे ढकलणं मला पटत नाही. शेवटी ती घालायला गेलं की अर्धे स्क्रीन पुन्हा बांधावे लागतात, आणि तेवढा वेळ कोणी देत नाही. मी पहिला स्क्रीन तयार झाला की त्याच दिवशी टॉकबॅक लावतो, त्याच्या मेनूतून स्क्रीन लपवतो आणि स्वतःची शुगर भरतो. कालच एका ॲपमध्ये 'जतन करा' दाबल्यावर फोन काहीच बोलला नाही. नोंद झाली की नाही कळेना, म्हणून तीच नोंद तीनदा गेली.