योनीच्या स्वॅबमध्ये जंतू आले म्हणजे इन्फेक्शन झालं असं नाही: या चुका टाळा

ठाण्यातल्या माझ्या ओपीडीत दर आठवड्याला कोणीतरी घाबरून विचारतं, "मॅडम, रिपोर्टमध्ये ई. कोलाय आलाय, आता मूल होईल ना?" होईल, ताई. योनीमार्ग निर्जंतुक नसतोच. लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू तिथला पीएच (आम्लतेचं माप) साधारण ३.८ ते ४.५ राखतात, आणि आतड्याकडून आलेला ई. कोलाय, गार्डनरेला नावाचा जंतू, थोडी कॅन्डिडा नावाची बुरशी निरोगी बाईतही सापडते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काही त्रास नसताना स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला स्राव) कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, पाठवणं. गेल्या पावसाळ्यात कळव्याहून एक जण आली. चेकअपच्या पॅकेजमध्ये स्वॅब घेतला होता, त्यात ई. कोलाय उगवला, सोबत सेन्सिटिव्हिटीचा तक्ता, म्हणजे कुठलं अँटिबायोटिक त्याच्यावर चालतं याची यादी. तक्त्यात 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे चालतं) दिसला की गोळी लिहायची, अशा घाईत तिला तीन महिन्यांत अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. सुरुवातीला तिला काहीच होत नव्हतं. माझ्याकडे आली तेव्हा खाजेने रात्रभर झोप नाही, आणि दह्यासारखा स्राव. लॅक्टोबॅसिलस मेले होते, कॅन्डिडाला रान मोकळं मिळालं होतं. मी स्लाइड बघितली, बुरशीचं औषध दिलं, ई. कोलायला हात लावला नाही. ती बरी झाली. पुन्हा स्वॅब मागितला, तो मी घेतला नाही.

मी रिपोर्ट शेवटी बघते. आधी वास, खाज, स्राव, ओटीपोटातलं दुखणं, ताप यांबद्दल विचारते. मग पीएचची पट्टी योनीच्या बाजूच्या भिंतीला लावते. गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावाला लावली, किंवा रक्त, वीर्य असलं, तर पीएच खोटाच चढलेला दिसतो. हे पाच मिनिटांचं काम टाळून 'कुठलं अँटिबायोटिक देऊ?' असा व्हॉट्सॲप करणाऱ्या नव्या डॉक्टरांना मी आधी पट्टी लावायला सांगते.

कल्चरमध्ये गार्डनरेला आला म्हणून बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडण्याचा आजार) ठरत नाही. त्यासाठी ॲमसेलच्या चार निकषांपैकी (स्राव, पीएच, वास आणि स्लाइडवर दिसणाऱ्या पेशी) तीन जुळायला हवेत.

व्हजायनल वॉश नकोच.

उलटी चूकही होते. गोनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास ही लैंगिक संबंधांतून पसरणारी इन्फेक्शन्स सापडली तर त्रास नसला तरी उपचार करायचेच, जोडीदारावरही.

गरोदरपणात ३६-३७ आठवड्यांच्या स्वॅबमध्ये ग्रुप बी स्ट्रेप (बाळंतपणात बाळाला लागू शकणारा जंतू) आला तर लगेच गोळ्या देऊ नका. बाळंतपणापर्यंत तो परत येतो. पेनिसिलिन कळा सुरू झाल्यावर शिरेतून द्यायचं. मी ते फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनने लिहिते. रात्री दोन वाजता लेबर रूममधल्या ड्युटी डॉक्टरला तेवढंच पान बघायला वेळ असतो.