पाणबुडीचा देखावा करताय? आधी हवेचं भोक

मागच्या मार्चमध्ये अमळनेरकडच्या एका शाळेत आम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुडीचा देखावा केला आणि पार फजिती झाली, म्हणून पुढे जो करेल त्याच्यासाठी लिहून ठेवतोय.

बांबू, सुतळी, काळं प्लॅस्टिक, लाल बल्ब, हे कोणीही आणेल. पहिलं काम म्हणजे हवा आत यायला भोक. आम्ही एक्झॉस्ट फॅन लावला आणि खूश, पण चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून ठेवलेली, फॅन चालू केला तसं प्लॅस्टिक आत ओढलं जाऊन बांबूंना चिकटलं, वर पत्रे, दुपारचे दोन, आत पंधरा पोरं, दोघांना चक्कर. नुसता फॅन पुरत नाही भो, समोरच्या टोकाला भोक पाहिजे! खऱ्या पाणबुडीत पण असंच व्हायचं. जर्मनांनी १९४४ मध्ये पाण्याखाली डिझेल इंजिन चालवायला स्नॉर्केलची नळी सर्रास वापरली, तिच्यावर लाट आली की झडप बंद आणि इंजिन आतलीच हवा ओढायचं, माणसांचे कान ठणकायचे.

माहिती सांगणारं पोरगं 'ऑक्सिजन संपून मरायचे' असं बोलत सुटतं, त्याला आधीच थांबवा. त्याच्या आधी कार्बन डायऑक्साईड साचतो, डोकं दुखतं, धाप लागते, म्हणून तो शोषायला रसायन ठेवायचे. इथं रसायन नाही, भोक आहे. पाडलं का?

बाकी मापं. टाईप सात-सी ही जर्मनांची पाणबुडी साधारण ६७ मीटर लांब, माणसं ४४ ते ५२, बंक कमी, एक उठला की दुसरा त्याच गरम गादीवर. म्हणून बंक मोजकेच करा, आमच्या सरांनी सगळ्यांना एकेक दिला होता, काय अर्थ राहिला. टांगायला सॉसेज, ब्रेड कागदाचे करा, केळीचा घड पोरं टांगणारच, टांगू द्या. दोन संडास असायचे, त्यातला एक सुरुवातीला खाण्याच्या सामानाने भरलेला, हे सांगितलं की पोरं हसतात, मग लगेच यू-१२०६ या जर्मन पाणबुडीचं सांगा: एप्रिल १९४५, स्कॉटलंडजवळ, संडासातून समुद्राचं पाणी घुसलं, बॅटरीपर्यंत गेलं, क्लोरीन हा विषारी वायू झाला, वर यावं लागलं आणि पाणबुडी बुडाली. हसू थांबतं.

आदल्या दिवशी स्वतः आत दहा मिनिटं बसा, फॅन चालू ठेवून. प्लॅस्टिक आत ओढलं जातंय म्हणजे भोक लहान आहे, मोठं करा, लाज नको. एका वेळी आठ पोरं, त्यावर नाही.

कूलर भाड्याने, दाराशी. पाण्याचा जार. चिठ्ठ्या, रांग, बूट बाहेर. संपलं की वायर गुंडाळा, केळीचे क्रेट मोजून परत द्या, आमचे तीन अजून सापडले नाहीत.